वीतभर खाली

शिवाजीनगर आठ पूर्णांक चार, पाषाण सात.
पेपर यायच्या आत मी निघतो,
कानटोपीवर हेडफोन, हेडफोनवर मफलर,
हातात काठी, काठीच्या टोकाला ताटाएवढी चकती.
तळजाईवरची कुत्रीसुद्धा आता मला भुंकत नाहीत.
माणसं मात्र रोज विचारतात,
"काय, सापडला का हंडा?"
कालच सापडला, म्हणतो,
आयकरवाल्यांना देऊन आलो.

एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली.
जमिनीखाली केबल कुठे तुटली
ते वरून, कानाने शोधायचं.
सूर जिथे विरला तिथे कुदळ.
आता उलटं:
सूर जिथे उठतो तिथे खुरपं.

लोखंड खोकतं.
बाटलीचं झाकण इतकी हुबेहूब नक्कल करतं
की शंभरदा फसून एकशेएकाव्यांदा गुडघे टेकतो.
आणि सोनं ओरडत नाही.
मधल्या पट्टीत बोलतं, भिडस्तासारखं,
स्वतःचीच खात्री नसल्यासारखं.

थंडी म्हणजे माझी सुगी.
गवत वाळून बसलेलं असतं, शिवाय बोटं आकसतात.
एरवी साबण लावूनही न निघणारी अंगठी
जानेवारीत हातमोज्याबरोबर सुटून येते.
तीन हिवाळ्यांत तीन मिळाल्या,
तिन्ही परत केल्या.
एकीबद्दल डझनभर गुळाच्या पोळ्या आल्या.

त्या ऐकूनच उपळेकर आले असावेत.
स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत.
"हिची अंगठी. पाच ग्रॅम, वर माणिक.
रविवारी, इथेच कुठेतरी."
ती बाजूला उभी, हात शालीत.
"नक्की कुठे हो?"
तिने हनुवटीने सगळं पठार दाखवलं.
"हिचं हे असंच," ते म्हणाले. "धांदरट."

तीन सकाळी दोऱ्या ताणून पट्टे पाडले.
क्रिकेटच्या बुटाचा खिळा.
वीस पैशांचं षटकोनी नाणं.
फुलबाज्यांच्या तारा, गंजून लाल.
एक कुलूप, लावलेलं.
बोटं इतकी बधिर
की सेफ्टी पिन टोचल्याचं
घरी आल्यावर चहाच्या कपाने सांगितलं.

चौथ्या दिवशी, पट्ट्यांच्या पार बाहेर,
ग्लिरिसिडियाच्या बुंध्याशी
तो सूर. भिडस्त. पण खोल.
वर एक सपाट दगड.

पडलेली वस्तू वरच असते,
गवतात, धुळीत, फार तर बोटभर आत.
पडलेली वस्तू स्वतःवर दगड ठेवत नाही.
वीतभर खाली दुधाच्या पिशवीचा तुकडा,
चार घड्या, वर रबर, त्याचे दोन वेढे.
धांदरट माणसाने
दुसरा वेढा घातला नसता.

उघडलं नाही मी.
नुसतं चाचपलं: गोल, एका बाजूला उंचवटा.
वीतभर खालची माती हवेपेक्षा कोमट असते,
हे माहीत होतं, तरी दचकलो.
अंगठी माझ्या हातापेक्षा ऊबदार होती.

होती तशी ठेवली. माती. दगड. त्यावर पाला,
मग वाटलं पाला जास्त झाला, थोडा काढला.

उपळेकरांना फोन केला.
"नाही हो. पठार विंचरून काढलं."
"वाटलंच होतं," म्हणाले,
आणि माझे किती झाले ते विचारलं.
मी म्हटलं, हौस आहे, हौसेचे काय घ्यायचे.
एकतीस वर्षांत खोटा रिपोर्ट दिला नव्हता.

शुक्रवारी ती एकटीच चढून आली, दम लागलेली.
ग्लिरिसिडियाकडे पाहिलं, मग माझ्या खुरप्याकडे,
मग बराच वेळ कात्रजच्या बाजूच्या धुक्याकडे.
"आज थंडी कमी आहे," म्हणाली.
"दीड अंशाने," मी म्हटलं.

शालीतून हात काढून तिने तळवे घासले,
रिकामी दहा बोटं,
आणि उताराला लागली.
मी हेडफोन चढवला.
झाकण.
चार पावलं पुढे, परत झाकण.